पिंजऱ्यावरची चादर

आमच्या बाब-अल-वादच्या गल्लीत वर्दियाला सगळे हट्टी म्हणतात. म्हणू देत! मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिच्या शिवणयंत्राची घरघर ऐकतच माझा दिवस जातो. तिने हट्ट केला म्हणूनच जे वाचायचं ते वाचलं.

तिचा नवरा मुक्रान गेला, तेव्हा मागे राहिला त्याचा म्हातारा मकनीन, लाल तोंडाचा गाणारा पक्षी. मुक्रान कामावरून आला की जिन्यातूनच शीळ घालायचा. पक्ष्याने ती उचलून आपल्या गाण्याच्या शेवटी जोडली होती. माणूस मातीत गेला, शीळ तेवढी पिंजऱ्यात राहिली. आता पक्षीही थकला, म्हणून वर्दियाने एक पिल्लू आणून त्याच्या शेजारी टांगलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटायच्या आत पिल्लाला ते गाणं यायला हवं होतं.

झालं! दीर आरेझ्की हजर. कहवाखान्यातल्या पक्षीवाल्यांचा हा मुकादम.

"वहिनी, दिवस मावळला की पिंजरा झाकतेस? अगं, दिवा लाव, चांगल्या गवय्या पक्ष्याची टेप लाव, वाजू दे रात्रभर. झोपलेला पक्षी काय डोंबल शिकणार?"

"भावजी, झोपेत तुम्ही घोरता. हा घोकतो."

थापा नव्हत्या हो. एका रात्री चादरीचा कोपरा उचलून तिने मलाही दाखवलं. पिल्लू गाढ झोपलेलं, आणि गळा मात्र थरथरतोय, गाताना थरथरतो तस्साच. आवाज नाही. माझ्या अंगावर काटाच आला.

मग म्हातारा मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू असं बेसूर गायलं, की विचारू नका. आदल्या संध्याकाळी जमलेलं सगळं विस्कटलेलं. आरेझ्की टपलेलाच होता.

"बघ! झोपवून झोपवून वाटोळं केलंस. दे इकडे. माझ्या टेपवरून दुसरं गाणं तरी शिकेल."

त्याने पिंजऱ्याला हात घातला. वर्दिया हातातल्या कात्रीसकट उठली.

"हात काढा! मी शिवणारी बाई आहे. कपडा नीट बसायला हवा, तर शिवण आधी उसवावी लागते. हा रोज रात्री उसवतो आणि दिवसभरात कालच्यापेक्षा नीट घालतो. मी रोज बघते. संध्याकाळी या, आणि अख्खा कहवाखाना घेऊन या!"

"आणि नाही गायला तर?"

"तर माझ्या घरात मुका राहील. तुमचं काय जातं?"

आले की सगळे, गंमत बघायला. जिन्यापर्यंत गर्दी. पिल्लू आधी नुसतं टुकुटुकु बघत बसलं. आरेझ्कीने मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात पिल्लाने सुरुवात केली. एकेक तुकडा जागच्या जागी. आणि शेवटी मुक्रानची शीळ! वर्दियाचा हात सवयीने दाराच्या कडीकडे गेला. दार तर उघडंच होतं. मला रडू आवरेना.

आरेझ्की खाली बघत म्हणाला, "वहिनी, अजून एकदा. दादाच आहे गं तो."

तिने डोळे पुसले, खिडकीबाहेर पाहिलं आणि चादर ओढली.

"दिवस मावळला, भावजी. उद्या संध्याकाळी या. सकाळी नको, सकाळी तो पुन्हा बेसूरच गाईल."