सावलीतलं काम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आधी वाटायचं, विसरेन. विसरलो नाही, नुसतं टाळत आलो.

मी ऊसतोडीचा मुकादम होतो. नांदूरघाटच्या आसपासची माणसं टोळी करून कारखान्याला न्यायचो. गुडघे गेले तसं ते सुटलं. मग पुण्याकडच्या एका ठेकेदारानं माणसं मागितली. ऑनलाइन मालाचं गोदाम, बाया चालतील म्हणाला. मी घरोघर सांगत फिरलो — सावलीतलं काम हाय. फडात उन्हानं करपलेल्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं?

शेजाऱ्याची सून सुनीता माझ्या शब्दावर गेली. मला नाना म्हणायची.

एकदा माणसं पोचवायला गेलो, तेव्हा आत शिरलो. वर पत्रा. वारा नाही. बाया हातात माल टिपायचं मशीन घेऊन मांडण्यांमधून पळत होत्या. पाणी कुणी पीत नव्हतं — संडास पार दुसऱ्या टोकाला, आणि जागा सोडली की मशीन बोंबलायचं. मला गरगरलं. एका खोक्यावर टेकलो. नातवाच्या वयाचा सुपरवायझर म्हणाला, "आजोबा, इथं बसायचं न्हाई." मी काही चांगला मुकादम नव्हतो. शिव्या दिल्यात, पहाटे लाथेनं उठवलंय. पण बांधावर टेकलेल्याला कधी उठवलं नव्हतं.

मला दंडाला धरून बाहेर कुणी आणलं? सुनीतानं. जागा सोडली म्हणून मग ती बोलणी खात उभी राहिली. मी दाराबाहेर कडुलिंबाखाली ओकत होतो, तिथून ऐकू येत होतं.

पावसाळ्यात ती गावी आली. लघवीला आग, अंगात ताप. दिवाळीत तिथून कुणी काही मागवू नका, असं आपापल्या गावी सांगायचं गोदामातल्या कामगारांनी ठरवलं होतं. आमच्याकडं बचत गटाच्या बाया दिवाळीच्या साड्या एकाच मोबाइलवरून मागवतात. सुनीतानं गटात सगळं सांगितलं. निम्म्या बाया तिच्या बाजूनं वळल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, नानांना विचारा, ते आत जाऊन आलेत.

मला शाळेच्या ओट्यावर बोलावलं. आणि मी — हे लिहायलाच एवढी वर्षं लागली.

मी म्हणालो, "पंखे हायत. सावली हाय. काम नको झालं की माणसाला समदंच दुखतं."

एक म्हातारी खिदळली. "आमी नवव्या म्हैन्यात मोळ्या वाहिल्या माय, अन् हिला सावलीत चक्कर!" सगळ्या हसल्या. सुनीता माझ्याकडं बघत राहिली. तिनं एकच वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं — नाना, तुमालाच चक्कर आलती की. बोलली नाही. माझी लाज तिनं राखली, की तिला बोलवेनाच? मी विचारलं नाही.

का बोललो असं? माणसं मी धाडली होती. आणखी खोल काही सापडत नाही.

साड्या मागवल्या गेल्या. आमच्या घरी खोकं आलं, सुनेनं उघडलं. साडी चांगली होती. सुनीताला सासूनं दिवाळीच्या गर्दीआधी परत धाडलं — नानाच म्हणालेत, तिथं काय होतंय. ती पुन्हा गावी आली ती मूत्रपिंडं खराब करून. सासरच्यांनी तिला नेकनूरला, माहेरी नेऊन सोडलं.

मी एकदा गेलो. एसटीत बसून मनात घोकत होतो — पोरी, तू खरं बोलत होतीस, मी खोटं बोललो, माझं चुकलं.

ती बाजेवर चिंचा फोडत होती. चेहरा सुजलेला.

"नाना! कावून आलात एवढ्या लांब?"

"असंच," म्हणालो. "बाजाराला आलतो. गाडीला वेळ हाय."

तिनं सरकून जागा दिली. मीही चार चिंचा फोडल्या. चिंचा यंदा लई किडक्या निघाल्यात, म्हणाली. मी हो म्हणालो. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.