बोरगावकर सरांची उचकी

लक्ष्मीकांत बोरगावकर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. मन शांत कसं ठेवावं, यावर ते इतकं सुरेख बोलत की दुसऱ्या वर्गातली मुलंही येऊन बसत. छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्य भारत हे राज्य संपलं, ग्वाल्हेरचा राजधानीपणा भोपाळला गेला आणि सरांना उचकी लागली.

फळ्यापाशी उभे राहिले की सुरू, घंटा झाली की बंद. एक तर तबादल्याची, म्हणजे बदलीची, हवा होती. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी रायपूरचं, रीव्याचं नाव काढी. त्यात शिकवणं आता इंग्रजीऐवजी हिंदीतून. भाजीवाल्याशी सरांची हिंदी झकास चाले, पण आत्म्याशी अडखळे. मराठीत तो आत्मा, हिंदीत ती. "आत्मा अमर होता है," असं सर म्हणाले की मागचा बाक आदराने म्हणे, "होती है, सर." लगेच उचकी.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी साखर दिली, सुंठ दिली. मग म्हणाल्या, "भोपाळला कुणीतरी तुमची आठवण काढतंय." त्या दिवशी सर नीट जेवले नाहीत.

शेवटी त्यांनीच सरांना कंपू भागातल्या डॉक्टर पांडुरंगरावांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मग विचारलं, रविवारी लागते? नाही. नाताळच्या सुट्टीत लागली होती? तेव्हाही नाही.

"मग हे दुखणं पोटाचं नाही, कॉलेजचं आहे," डॉक्टर म्हणाले. "तिथल्याच कुणाशी तरी बोला."

सरांना हे औषध भलतंच कडू वाटलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाने काळजी करतो असं कबूल करायचं म्हणजे काय! पुढे कितीतरी दिवस ते सगळा दोष मिरचीला देत राहिले. एकदा अर्थशास्त्राच्या वनमालाबाईंपुढेही त्यांनी मिरचीचं नाव घेतलं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"फळ्यावर लिहिताना माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "मी खडूला दोष देते."

सरांनीही आपला कप खाली ठेवला. मग दोघांनाही हसू आवरेना. त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा कुणाला सांगितलं की, वर्गात जायची त्यांना भीती वाटते.

शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात दोघं एकमेकांना हिंदीतून शिकवू लागले. चुकलं की हसायचं, एवढाच नियम. हळूहळू गणिताचे आले, इतिहासाचे आले. एका शनिवारी खुद्द प्राचार्य दारात उभे राहिले. आता बोलणी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. ते मागच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले की, त्यांना हल्ली झोप लागत नाही.

उचकी कमी होत होत कधी गेली, ते सरांच्याही ध्यानात आलं नाही. तबादला मात्र टळला नाही. पुढच्या उन्हाळ्यात रीव्याचा हुकूम आला. तिसऱ्या दिवशी ते सुनंदाबाईंबरोबर भांडी बांधायला बसले.

रीव्याच्या स्टाफरूममध्ये पहिल्याच चहाला सरांनी सांगून टाकलं की, इथे येताना त्यांना फार धास्ती वाटत होती. समोरचे पोक्त प्राध्यापक खुर्ची जवळ ओढून बसले. तिथल्या सगळ्यांना ग्वाल्हेरला पाठवतील याची धास्ती होती.