मागची काच भिंतीकडे

चार वर्षं मी माझी गाडी फक्त भिंतीला पाठ लावूनच उभी केली. बहरीनमधल्या सनाबिसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यामुळे मी पार्किंगमधला उस्ताद ठरलो. कुणाला अडचणीच्या जागेत गाडी घालायची असली की हाक मलाच! खरं कारण मागच्या काचेवर चिकटलेलं होतं.

झालं असं, की आमच्या ऋताला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही अमेरिकेत. तिकडे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षं साधी पदवी, मग मेडिकलला अर्ज. पदवीसाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक जगप्रसिद्ध विद्यापीठ, ज्याचं नाव आमच्या देवरुखच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक. दुसरं एका खेड्यातलं कॉलेज, जे नकाशावर शोधताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

"मेडिकलवाले आधी कॉलेजचं नाव बघतात, भाऊ!" इकबालभाई म्हणाले. "नाव मोठं, तर विषय खलास!"

(इकबालभाई माझे जुने मित्र. बाब अल बहरीनजवळच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. मेडिकलशी त्यांचा संबंध म्हणजे नर्सांच्या युनिफॉर्मचं कापड.)

मला तेवढं पुरलं. त्यांच्या शेजारच्या स्टिकरवाल्याकडून मी त्या जगप्रसिद्ध विद्यापीठाचं नाव हातभर अक्षरांत कापून घेतलं आणि गाडीच्या मागच्या काचेवर लावलं. तिथे आधी आमच्या ग्रामदेवतेचं 'प्रसन्न' होतं. आम्हा कोकणवाल्यांची गाडी कुठल्याही देशात गेली तरी गावच्या देवाशिवाय हलत नाही. मी देवाला खाली बंपरवर सरकवलं. तिथेच चुकलं!

"बाबा, आय हॅवन्ट डिसाइडेड येट!" ऋता ओरडली.

"त्यात ठरवायचं काय? नाव बघ नाव!"

तिने नाव बघितलं नाही. त्या छोट्या कॉलेजला लागून एक वृद्धाश्रम होता. तिथे पहिल्या वर्षापासून मुलांना काम करायला मिळतं, म्हणून ती तिकडे गेली. मी इतका रुसलो, की एअरपोर्टवर तिच्याशी फक्त बॅगेच्या वजनाबद्दल बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन स्टिकर खरवडायला घेतला, तर तो निघेना! जोर लावला असता तर काचेतल्या धुकं घालवायच्या तारा आल्या असत्या हातात. तोवर अख्ख्या बिल्डिंगने अभिनंदन केलेलं. मग काय, लावली गाडी भिंतीला पाठ करून.

त्याच वर्षी सासूबाई आजारी पडल्या. माझी बायको सुलभा त्यांच्या सेवेला महिनाभरासाठी देवरुखला गेली ती तिथलीच झाली. फ्लॅटमध्ये उरलो मी आणि फ्रिजचा आवाज. ऑफिसातून आलो की रोज ऋताला फोन लावायचो. पोर तिकडे एकटी, तिला धीर द्यायला नको? मी तिला गाडी कशी लावली ते सांगायचो, आमटीत मीठ जास्त पडलं ते सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडेवहिनी शुक्रवारी जेवायला बोलवायच्या आणि वाढता वाढता विचारायच्या, "भाऊजी, ऋताच्या युनिव्हर्सिटीत हॉस्टेल कसं आहे हो?"

"झकास! खिडकीतून तळं दिसतं."

"आणि लायब्ररी?"

"सात मजली!" (आधीच्या शुक्रवारी पाच मजली होती. बांधकाम चालू असावं.)

तिसऱ्या वर्षी वहिनी पेढे घेऊन दारात उभ्या. "भाऊजी, आमच्या प्राजक्ताला तुमच्या त्या युनिव्हर्सिटीत मिळालं!"

माझ्या घशात पेढा अडकला. आता प्राजक्ता तिथे जाणार आणि ऋताला शोधणार! मी पाणी प्यायलो आणि सगळं ओकून टाकलं. स्टिकर, तळं, लायब्ररीचे सातही मजले.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं. ऋतानेच सांगितलं होतं. भिंतीकडची जागा सगळे तुमच्यासाठी सोडतात, ती काय उगीच?"

"मग हॉस्टेलचं का विचारत होता?"

"घरात एकटा माणूस. बोलायला लागलात की चार घास जास्त जायचे तुम्हाला."

मी इतका ओशाळलो, की दुसरा पेढाही खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यात ऋताची मेडिकलची मुलाखत झाली. मी देवाला नारळ बोललो आणि बंपरकडे बघून हात जोडले. त्या खेड्यातल्या कॉलेजामुळे पोरीचं डॉक्टर होणं हुकलं तर? आणि मीच खरा ठरलो तर? तसलं खरं ठरणं मला अजिबात नको होतं.

फोन आला. "बाबा, आय गॉट इन!"

मी रडलो. मग नाक पुसून विचारलं, "कॉलेजच्या नावाचं काय म्हणाले?"

"नथिंग." त्यांनी विचारलं होतं, वृद्धाश्रमात काय शिकलीस? तिने दिलेलं उत्तर इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो. एकटी माणसं 'मी एकटा आहे' असं कधी म्हणत नाहीत. ती तुम्हाला गाडी कशी लावली ते सांगतात.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "वृद्धाश्रमात कुणाकडे गाडी होती गं?"

ती हसली. दुसऱ्या दिवशी मी गाडी चार वर्षांत पहिल्यांदाच सरळ लावायला गेलो. सवय राहिली नव्हती. धाडकन देव नसलेला, म्हणजे पुढचा बंपर भिंतीवर! लगेच ऋताला फोन.

"बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?" ती चक्क मराठीत म्हणाली. "जेवलात?"

"नाही," मी म्हणालो. "करमत नाही गं मला. चार वर्षं करमत नाही."

तासभर ती ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा मला छान हलकं वाटत होतं, भूकही लागली होती. डॉक्टर व्हायला तिला अजून चार वर्षं आहेत, पण पेशंट तिने पहिल्या वर्षीच धरला होता. आणि तो गाढव समजत होता, की धीर आपण देतोय!