निजायच्या खोलीचा दगड

मोखाड्याच्या बाजारात आज कुणाच्या तरी ओट्यासाठी ग्रॅनाइट कापत होते आणि त्या ओल्या दगडी भुकटीच्या वासानं मला साखरशेतच्या आमच्या कुडाच्या घरात नेलं. होळीला बाबा ठाण्याच्या बिल्डिंगच्या कामावरून आले होते, त्यांच्या कपड्यांना हाच वास होता. मी पडवीत लॅपटॉपवर वस्ती वसवायचा खेळ खेळत होतो आणि भिंतींना कोणता दगड लावावा यावर अडलो होतो. ग्रॅनाइट हल्ल्याला टिकतो, संगमरवर देखणा, पण लवकर फुटतो. बाबा नाचणीची भाकर खात मागून बघत होते. म्हणाले, "घरं झाली. कामवाल्यांच्या झोपड्या कुठं टाकल्यास?" मी म्हटलं, "बाबा, ही घरं त्यांचीच. जे बांधतात तेच राहतात." "तेच राहतात?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाले, "मंग निजायच्या खोलीला तो देखणा लाव." खेळातले हल्लेखोर अजूनही माझी तीच भिंत आधी फोडतात आणि मी ती पुन्हा संगमरवरानंच बांधतो.