सुमनताईंची जीभ

आम्ही नावड्याला राहायला आलो त्या दिवशी सामान अजून खोक्यांत होतं आणि उघड्या दारात एक उंच, सावळी बाई येऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. "तुमचं दूध लागायलंय," ती म्हणाली. "आधी गॅस बंद करा, मग बोलू." मी आत धावले. दूध अजून वरही आलं नव्हतं, पण पातेल्याच्या तळाला तपकिरी डाग धरला होता. बाई राहत होती आमच्या खालच्या मजल्यावर.

या सुमनताई भालेराव. मूळच्या हिंगोलीकडच्या. नवरा लवकर गेला, एकुलती लेक निशा लग्न होऊन नांदेडला. तळोज्याच्या एका चॉकलेटच्या कारखान्यात चव बघण्याचं काम त्या करत. असं काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. "म्हणजे दिवसभर चॉकलेट खायचं आणि वर पगार घ्यायचा? मजा आहे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खायचं नसतं गं. तोंडात घोळवायचं, लिहायचं आणि थुंकायचं."

त्या जिभेसाठी बाईंनी काय काय सोडलं होतं! कांदा नाही, लसूण नाही, लोणचं नाही. वासाचं तेल नाही, गजरा नाही. मराठवाड्यातली बाई आणि सव्वीस वर्षं सोमवार ते शनिवार दूध-भाकरीवर! फक्त रविवारी सकाळी त्या खलबत्ता काढत आणि असा ठेचा कुटत की आमच्या बेडरूममध्ये आम्हाला ठसका लागे. "आठवड्यातून एकदा मी माणसात येते," त्या म्हणत.

रविवारी संध्याकाळी पाचला मात्र त्यांच्याकडे हॉट चॉकलेट असे आणि त्याला मी असे. हे कसं सुरू झालं तर माझ्या एका डब्यावरून. बाजारातली तयार पावडर मी मोठ्या कौतुकाने त्यांना करून दिली. त्यांनी एक घोट घेतला, बेसिनशी जाऊन थुंकल्या. "रंगीत साखर हाय ही. चल खाली." मग पहिला धडा झाला. कोको गरम दुधात घालायचा नाही, गुठळ्या होतात. आधी चमचाभर गार दुधात कालवायचा, चांगला गंधासारखा. मग उरलेलं दूध, बेताची साखर, चिमूटभर मीठ. मंद आचेवर ठेवायचं, रवीने घुसळत राहायचं. गॅस बंद केल्यावर कडू चॉकलेटचा तुकडा, आधी नाही. "कडू आधी कळू दे," त्या सांगत. "गोड काय, मागून येतंच."

पहिला घोट घेऊन मी म्हटलं, "छान झालंय." त्या ताडकन म्हणाल्या, "छान ही काय चव हाय का? आंबट सांग, तुरट सांग, करपट सांग. छान म्हणायला जीभ लागत नाही."

आता माझं ऐका. मी कोकणातली. ताटात पडलं त्याला नावं ठेवायची नाहीत, आणि समोरच्याने हाताने केलेलं असेल तर अजिबातच नाहीत, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. खारट आमटीला मी आयुष्यभर छान म्हणत आले. हळूहळू सुमनताईंनी माझ्याकडून खरं वदवून घेतलं. वर्षभरात मी न घाबरता "आज दूध शिळं वाटतंय" म्हणू लागले आणि त्या खूश होऊन मान डोलवू लागल्या.

मग तो तापाच्या साथीचा काळ आला. दोघी आजारी पडलो, दोघी उठलो. माझा वास पंधरा दिवसांत परत आला. त्यांचा वास गेला तो गेलाच, चवही गेली. "जिभेला नुसतं गरम कळतं बघ," त्या म्हणाल्या. "गरम आणि ओलं." कारखान्यात कोणाला कळलंही नसतं, पण ताईंनी कामावर परत गेल्या त्या दिवशीच साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी त्यांना कागद लावायच्या टेबलावर बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. ज्या पोरींना त्यांनी शिकवलं, त्या आत चव बघायच्या आणि त्यांची पानं बाहेर ह्या फायलीला लावायच्या.

डॉक्टर म्हणाले, सराव करा, येईलही परत. मग आमच्या रविवारांचं रूप बदललं. त्यांनी बाहेर बसायचं, मी त्यांच्या ओट्याशी तीन पेले करायचे. एक बरोबर, एक बिनसाखरेचा, एक लागलेल्या दुधाचा. त्यांनी ओळखायचं. मी बरोबर की चूक ते सांगायचं, त्या वहीत लिहायच्या. पाच-सहा महिने नुसती चूक, चूक आणि चूक. एका रविवारी त्यांनी डोळे मिटून लागलेल्या दुधाचा पेला उचलला. एक घोट घेतला. "हा. हाच बरोबरचा हाय. हाय ना गं, नीला?"

मी म्हटलं, "हो."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी पुण्य केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. उगाच संशय नको म्हणून अधूनमधून "चुकलं हो" असंही म्हणायचे. खोटं बोलण्यात मी एवढी हुशार निघेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

वहीत बरोबरच्या खुणा वाढत गेल्या. एके दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझी परीक्षा घ्या, मला आत बसायचंय. हे त्यांनी मला सांगितलं. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. "थोडं थांबा ना ताई," एवढंच मी पुटपुटले. त्या रविवारी त्यांनी ठेचाही खाल्ला नाही. सोमवारी इस्त्रीची सुती साडी नेसून परीक्षेला गेल्या.

आठवडाभर त्यांचं दार उघडलं नाही. रविवारी पाचला मात्र हाक आली. पेला तयार होता, त्यांनीच केलेला. त्यांनी विचारलं, "बघ बरं, साखर बेताची पडलीय ना?"

मी घोट घेतला. घशाखाली उतरेना इतकं मीठ होतं. मी तो गिळला आणि म्हणाले, "अगदी बेताची."

त्यांनी सांगितलं, "दोन चमचे मीठ हाय त्यात. साखर घातलीच नाही." मग शांतपणे म्हणाल्या, "तिथं माझ्यासमोर तीन पेले ठेवले. मी छाती ठोकून सांगितलं आणि तिन्ही चुकले. मी शिकवलेल्या पोरी खाली मान घालून बसल्या होत्या." पेला माझ्या हातातून काढून घेत त्या म्हणाल्या, "माझी जीभ तापानं गेली. तुझ्या जिभेला काय झालतं?"

त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि लेकीकडे जायचं ठरवलं. टेम्पो भरत होता तेव्हा मी खाली गेले, हात धरून म्हटलं, "ताई, माफ करा." त्यांनी हात सोडवला नाही. म्हणाल्या, "केलं म्हणू का? तेही खोटंच होईल गं." आणि जाऊन टेम्पोत पुढे बसल्या.

मागच्या महिन्यात निशाचा फोन आला. सुमनताई गेल्या. शेवटचे काही दिवस त्या अंथरुणावरून सारख्या म्हणायच्या, "दूध लागायलंय, गॅस बंद कर." निशा धावत जायची. गॅस बंदच असायचा, ओट्यावर दूधही नसायचं. डॉक्टर म्हणाले, होतो असा वासाचा भास.

"मग मी तिला म्हणायचे, हो आई, दूध लागलं होतं, तुला बरोबर वास आला," निशा सांगत होती. "ती इतकी हसायची, मावशी. मी बरं केलं ना?"

 पलीकडे ती वाट बघत होती.

"बरं केलंस गं," मी म्हटलं.

हे मी खरं बोलले की पुन्हा छान म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.