ताईचा लाल मुखवटा

माझी ताई मिरजेला एका हॉस्पिटलात नर्स होती. तिनं हौसेनं लाल दिव्यांचा एक मुखवटा घेतला होता. तोंडावर लावून पडलं की चेहरा उजळतो म्हणायची. ती अपघातात गेली आणि तिचं सामान आष्ट्याला आईकडं आलं.

दिवाळीत मी दुपारी घरी पोचले. मधल्या खोलीत पडदे ओढलेले होते, आणि कॉटवर ताई पडली होती. तोच लाल उजेड, डोळ्यांच्या जागी तीच भोकं. मी दारातच थिजले. मग हात हलला. बांगड्या आईच्या होत्या.

"आई, हे तू कशाला लावतेस?"

"बंद ठेवलं की बिघडतं म्हनं," ती मुखवट्याआडून म्हणाली. "मी मशीनच्या कंपनीला फोन केलता. ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली, आता असलं मशीन काढत न्हाईत. बिघडलं तर दुरुस्त कोन करनार?"

दिवे विझल्यावर तिनं तो काढून माझ्या हातात दिला. "आता तू लाव."

मी आडवी झाले. आत अजून ताईच्या क्रीमचा वास होता. थोड्या वेळानं आईनं हळूच ताईच्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली.