पत्रिकेतलं जन्मस्थान

आमच्या घरात पत्रकाला परचा म्हणतात. बनारसमध्ये सात पिढ्या गेल्यावर मराठी घरात बोलण्यापुरती उरली आणि तिच्यात असे शब्द येऊन बसले. मी कॉलेजपासून परचे लिहिते. मुलींच्या होस्टेलला संध्याकाळी सातला कुलूप लागायचं त्यावर लिहिला, घाटावर सोडलेल्या गटारावर लिहिला, नावाड्यांच्या परवान्यांवर लिहिला. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे जेवढं मावेल तेवढं. एक परचा मी माझ्या बहिणीसाठी लिहिला होता. त्याबद्दल आजवर कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून हे.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती रग्बी खेळायची. लंबगोल चेंडू काखेत घेऊन पळायचं, समोरच्यांनी कमरेला मिठी मारून पाडायचं, पडता पडता चेंडू आपल्या माणसाकडे द्यायचा. गल्लीत कुणाला कळायचं नाही. समोरचे पानवाले चाचा तिला कबड्डीवाली म्हणायचे. बाबा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "ती पळते." आणि ती पळायचीच. उन्हाळ्यात गंगेपलीकडे रामनगरच्या बाजूला रेती उघडी पडते, तिथे पहाटे नावेतून जायची आणि ऊन चढेपर्यंत त्या रेतीत अनवाणी पळायची. मी फोनवर वेळ मोजायची. एवढाच माझा खेळाशी संबंध.

आता आईचं माहेर. ते काठमांडूत. आईचे वडील तिथे संस्कृत शिकवायला गेले आणि तिथलेच झाले. आम्हाला तो परदेश कधी वाटला नाही. परदेश म्हणजे विमान, व्हिसा, अमेरिकेतली कुणाची तरी सून. काठमांडूला बसने जायचं, पासपोर्ट लागत नाही, सीमेवर चहा प्यायचा आणि मामाकडे उतरायचं. ते आजोळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आई सातव्या महिन्यात तिकडे गेली आणि ताई तिथल्या इस्पितळात जन्मली. माझ्या वेळी आजी राहिली नव्हती, म्हणून मी बनारसची. आमच्या दोघींच्या जन्मात फरक आहे तो इतकाच, पण पुढे सगळं त्याच्यावर आलं.

ताईला शाळेत घालताना जन्माचा दाखला मागितला. इस्पितळाचा कागद मामाकडे राहिला होता. बाबांनी कचेरीतल्या ओळखीच्या बाबूला सांगितलं आणि बाबूने लिहिलं की मूल घरी जन्मलं, राजा घाटाजवळच्या गल्लीत. आमच्याकडे असं खूप जणांचं झालंय, कुणाला त्यात खोटं वाटत नाही. मूल ज्या घरचं, त्या घरी जन्मलं. पत्रिका मात्र बाबांनी खरी करून घेतली. तिच्यावर स्वच्छ लिहिलंय, जन्मस्थान काठमांडू, खाली अक्षांश-रेखांश, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे म्हणून वेळ दुरुस्त केलेली. मी एकदा हसत विचारलं होतं, बाबा, असं कसं? तर म्हणाले, "बाबूला काहीही चालतं गं. ग्रहांना खोटं चालत नाही."

ताई एकवीस वर्षांची असताना सुट्टीत मामाकडे गेली. तिथल्या मुलींबरोबर मैदानावर जायला लागली. त्याच आठवड्यात शेजारच्या देशांचे संघ खेळायला आले होते आणि नेपाळच्या दोन मुली जायबंदी झाल्या. त्यांच्या मॅनेजरबाईंनी ताईला विचारलं, तू जन्मलीस कुठे? ताईने सांगितलं, इथेच. मामाने कपाटातून इस्पितळाचा कागद काढून दिला. रग्बीत पासपोर्टापेक्षा जन्म मोठा. ज्या देशात तुम्ही, तुमचे आईबाप किंवा आजीआजोबा जन्मले त्या देशाकडून खेळता येतं. नाहीतर सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. ताई दुसऱ्या अर्ध्यात उतरली. सात-सात जणींच्या खेळात तो अर्धा सात मिनिटांचा असतो आणि ती त्यातली शेवटची चार मिनिटं खेळली. संघ हरला. रात्री मामीने सगळ्यांना मोमो खाऊ घातले आणि ताई परत आली ती हातावर एक खरचटल्याची खूण घेऊन.

पुढच्या वर्षी तिला भारताच्या शिबिराचं बोलावणं आलं.

ते पत्र तिने उशीखाली ठेवलं होतं हे मला माहीत आहे, कारण आम्ही एकाच खोलीत झोपायचो. शिबिरात एक फॉर्म भरायचा होता. जन्मस्थान: तिने दाखल्यावरचं उतरवलं, वाराणसी. पुढचा प्रश्न, याआधी दुसऱ्या देशाकडून खेळलात का? तिने लिहिलं, होय. एकाखाली एक दोन ओळी. पहिली खोटी आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही. सरकारी फॉर्मवर जन्मस्थान म्हणजे दाखल्यावर असेल ते. दुसऱ्या ओळीत लपवायचं असतं हेही तिच्या डोक्यात आलं नाही.

तेव्हा कळलं की त्या चार मिनिटांनी ती नेपाळची झाली होती. एका देशाच्या मुख्य संघातून मैदानात पाय ठेवला की तुम्ही त्या देशाचे. देश बदलायचा तर शेवटच्या सामन्यापासून तीन वर्षं कुठल्याच देशाकडून खेळायचं नाही, मग अर्ज करायचा, आणि तोही आयुष्यात एकदाच. शिबिरातून तिला घरी पाठवलं. ती रामनगरच्या पुलावरून चालत आली, बॅग खांद्याला. आईने विचारलं, लवकर सुट्टी झाली? ती हो म्हणाली.

मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. श्रीमंत देश छोट्या बेटांवरून पंधरा-सोळा वर्षांची पोरं शाळेच्या शिष्यवृत्तीवर उचलून नेतात, तिथे वाढवतात, वर्षं भरली की त्यांच्या अंगावर आपली जर्सी चढवतात. ते चालतं, त्यासाठी वकील आहेत, कागद नीट लावणारी माणसं आहेत. आणि आमची पोरगी आजोळी सुट्टीला गेली, कुणाची तरी अडचण म्हणून चार मिनिटं खेळली, तर तिची तीन वर्षं जप्त. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

ताईने मात्र वाद घातला नाही. ती थांबली. दोन उन्हाळे त्या रेतीत पळाली, पावसाळ्यात रेती बुडाली की घाटाच्या पायऱ्या चढ-उतार करायची. पासपोर्ट काढून ठेवला, दाखल्याप्रमाणे, म्हणजे जन्म वाराणसी. त्याच काळात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि पत्रिका कपाटातून बाहेर आली. ताई पाहुण्यांसमोर मुद्दाम खरचटलेले कोपर दिसतील असे हात ठेवून बसायची. दोन स्थळं त्यावरच परतली. त्यातल्या एका मुलाच्या आईने विचारलं, हे काय लागलं? तर ही म्हणते, "पाडतात मला. मी पण पाडते."

तीन वर्षं भरली तेव्हा तिने अर्ज केला. उत्तर येईना. मी रोज विचारायची, ती सांगायची, येईल. खरं म्हणजे तिला रग्बी संघटनेच्या कचेरीतल्या एका बुजुर्ग माणसाने फोन करून सांगितलं होतं की वडिलांच्या जन्माचा कागद लावा, त्यावर काम होतं, तुम्ही स्वतः कुठे जन्मलात हे मग कुणी विचारत नाही, फक्त आता महिनाभर गप्प राहा. बाबांचा जन्म बनारसचाच, दाखला खरा. ताईने तो लावला. मला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की यावर काही छापू नकोस. मला वाटलं, घाबरली. आमच्या बायका अशाच घाबरतात असं काहीतरी मी तिला सुनावलंसुद्धा.

परचा मी हिंदीत लिहिला. वर ठळक अक्षरांत: जनम काठमांडू में, घर काशी में, कसूर किसका? खाली सगळी हकीकत, एकही शब्द खोटा नाही. पुरावा म्हणून पत्रिकेचा फोटो, जन्मस्थानाच्या ओळीभोवती लाल गोल. हजार प्रती. मुन्शी घाटावर वाटल्या, मैदानावर वाटल्या, फोनवर फिरवल्या. एका स्थानिक पेपरने लाल गोलासकट छापलं. त्या दिवशी मी खूश होते. चाचांनी पहिल्यांदा तिला कबड्डीवाली न म्हणता रग्बीवाली म्हटलं.

ताईने पेपर वाचला तेव्हा ती जेवत होती. ताट तसंच ठेवून हात धुवून आली.

"तुला सांगितलं होतं ना, छापू नकोस."

"सगळं खरं आहे त्यात," मी म्हणाले.

"खरंच आहे गं. पण मला खेळायचं होतं."

मला तेव्हाही नीट कळलं नाही. पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यातून माणूस आला तेव्हा कळलं. पासपोर्टवर जन्म वाराणसी, पेपरात काठमांडू, दोन्ही एकाच मुलीचं. ती भारताची नागरिक आहे यात कुणाला शंका नव्हती, आईबाप दोघं भारताचेच नागरिक. पण पासपोर्टात खोटी माहिती दिली म्हणून चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पासपोर्ट जमा करायचा. रग्बीचा नियम काहीही असो, आपल्या सरकारचा नियम असा की भारताचा पासपोर्ट हातात नसेल तर भारताकडून खेळता येत नाही. अर्जही बाजूला ठेवला गेला. त्या बुजुर्गांचा पुन्हा फोन आला तो मीच उचलला. ते रागावले नाहीत. म्हणाले, बेटा, दो हफ्ते की बात थी.

बाबांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मी बरोबर गेले होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, त्याने बाबूसमोर उभं राहून सांगितलं की मी मुलीच्या जन्माबद्दल खोटं लिहवून घेतलं. बाबूने सगळं टिपून घेतलं आणि विचारलं, मूल निवास? म्हणजे मूळ गाव. बाबांनी सवयीने आमच्या पूर्वजांच्या कोकणातल्या गावाचं नाव सांगितलं. ते गाव त्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं, पण आमच्यात कुठले म्हणून विचारलं की तेच सांगायचं असतं. बाबूने पेन खाली ठेवलं.

"पंडितजी, आप लोग कहीं के तो होंगे?"

मागच्या रांगेतले हसले. बाबाही हसले थोडं. रिक्षातून उतरताना ते फक्त म्हणाले की तुझ्या ताईला यातलं सांगू नकोस. हे मात्र मी पाळलं.

मामाचा फोन आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. कागदावर तू अजून आमचीच आहेस, अर्ज मंजूर झालेलाच नाही, तर ये आणि इथून खेळ, मी बोलतो त्या बाईंशी. मला वाटलं, वाट निघाली. मी तिच्या शेजारीच बसले होते. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामा, तिकडे मी सुट्टीला आले होते," ती म्हणाली. मग मामीची तब्येत विचारली.

भारताचा संघ बाहेर खेळायला गेला आणि आला. त्यानंतर अजून एकदा गेला. या सगळ्याला दोन वर्षं झाली, चौकशीची एक तारीख अजून बाकी आहे. ताई आता एका शाळेत खेळ शिकवते, बहुतेक खो-खो. पहाटे कधीकधी नाव करून पलीकडे जाते, मला उठवत नाही.

माघात एके सकाळी मी तिची वाट बघत घाटावर उभी होते. धुकं होतं, नाव जवळ येईपर्यंत दिसली नाही. थंडीत ती बूट घालून पळते; ते ओले होते, रेतीतल्या पाण्यात गेली असणार. घरी येऊन तिने पलंगाखालून माझ्या परच्यांचा गठ्ठा ओढला. साडेतीनशे तरी उरलेत, मला टाकवत नाहीत. तिने एकेक काढून चुरगळला आणि बुटांत कोंबला, टोकापर्यंत, बूट आतून सुकावेत आणि आकार जाऊ नये म्हणून. किती लागतात तिला माहीत होतं, एका बुटात पाच. तिने हे आधीही केलं असणार, मी बघितलं नव्हतं. एका बुटाच्या तोंडाशी लाल गोलाचा तुकडा वर राहिला होता. तो तिने बोटाने आत सारला आणि बूट उन्हात ठेवले.